मासेमारी नौकेतील न्यूट्रल स्विचची निवड : वरळी कोळीवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना

स्वयंचलित गिअरपेटी असलेल्या मालमोटारीत चुकीच्या गिअरमध्ये इंजिन सुरू होऊ नये, यासाठी गिअरची स्थिती ओळखणारा स्विच बसविलेला असतो. बॅटरीवर सुरू होणाऱ्या नौकेच्या इंजिनातही याच तत्त्वाचा न्यूट्रल स्विच वापरतात. नौका गिअरमध्ये असताना इंजिन सुरू झाल्यास पंखा तत्काळ फिरतो; पंख्यात अडकलेले जाळे सोडविणाऱ्या खलाशाच्या ते जिवावर बेतू शकते. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांना सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधून ये-जा करावी लागते. खांबांमधील नियोजित ६० मीटर अंतर त्यांच्या मागणीनंतर २०२२ मध्ये १२० मीटर करण्याचे ठरले. अशा वाटेवर नौकेची अनपेक्षित हालचालही धोक्याचीच होय.

निवडीचे निकष

१) स्थान : दांड्याजवळचा स्विच केवळ दांड्याची स्थिती सांगतो. मधली केबल सैल झाल्यास दांडा न्यूट्रलवर आणि गिअरपेटी मात्र गिअरमध्ये, असे घडू शकते. म्हणून शक्य तेथे गिअरपेटीवर बसणारा स्विच श्रेयस्कर ठरतो.

२) जोडणीचा प्रकार : काही स्विच दट्ट्या दाबल्यावर विद्युत्‌मंडल जोडतात, काही तोडतात. बाह्यतः दोन्ही सारखेच दिसतात. प्रकार चुकल्यास न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू होणार नाही आणि गिअरमध्ये मात्र होईल. ही तपासणी मल्टिमीटरने करावी.

३) मापे : आटे आणि दट्ट्याची लांबी मूळ स्विचप्रमाणेच असावी. दट्ट्या आखूड असल्यास तो दाबला जात नाही. लांब असल्यास सतत दाबलेला राहतो.

४) विद्युत्‌क्षमता : बॅटरी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, हे पाहावे. स्टार्टरचा मोठा प्रवाह स्विचमधून न नेता रिलेमार्फत न्यावा.

५) जलरोधकता : खारे पाणी दुहेरी घात करते. गंजामुळे जोडणी तुटते, तर अग्रांवर साचलेल्या ओलसर क्षारांमुळे खोटी जोडणी निर्माण होऊ शकते. त्यामुळे पूर्ण बंदिस्त स्विच निवडावा.

निष्कर्ष

जोडणी तुटल्यास इंजिन सुरू होत नाही. भर समुद्रात ही अडचण गंभीर असल्याने दोन तारा थेट जोडण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे संरक्षणच नाहीसे होते. योग्य प्रकारचा एक जादा स्विच नौकेवर बाळगणे, हाच यावरील साधा व सुरक्षित उपाय होय. नवा स्विच बसविल्यावर नौका बंदरात बांधून व पंख्याजवळ कोणी नसल्याची खात्री करून, तिन्ही स्थितींत तपासणी करावी. इंजिन केवळ न्यूट्रलमध्ये सुरू झाले, तरच निवड योग्य मानावी.