नाना शंकरशेट यांचा देशभाषेचा पक्ष

करवीरच्या शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत असता ‘जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती’ हे शब्द विद्यार्थ्यांस वारंवार ऐकवीत असू. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अग्रस्थान मिळविणाऱ्यास ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांस मिळाली. परंतु ज्यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती, ते शास्त्री नव्हत, व्यापारी होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

नानांचा जन्म १८०३ चा. वडिलार्जित पेढी त्यांनी वाढविली. १८५२ मध्ये बाँबे असोसिएशनच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. १८६१ च्या कायद्यान्वये मुंबईस नवे कायदेमंडळ झाले, त्यात १८६२ साली त्यांची नेमणूक झाली. १८६५ त ते निवर्तले.

लोक त्यांचे स्मरण आगगाडीमुळे करितात. आमच्या मते त्यांचे खरे धैर्य १८४७ च्या वादात दिसते. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. नानांचा इंग्रजीस विरोध नव्हता. मात्र बहुजनसमाजास ज्ञान द्यावयाचे तर ते त्याच्याच भाषेतून दिले पाहिजे, असे त्यांनी मंडळापुढे लेखी मांडिले. खुद्द अध्यक्षांविरुद्ध, तेही सरन्यायाधीशपदी चढणाऱ्या गृहस्थाविरुद्ध, मत नोंदविणे व्यापाऱ्यास सोपे नव्हते. पुढे १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानेही सामान्य जनांकरिता देशभाषेचेच साधन मान्य केले.

धनिकाचे दान लोक सहज स्मरतात. त्याचे मत मात्र दप्तरात पडून राहते. ते बाहेर काढणे हेच आम्हां संशोधकांचे काम होय.