गोल्डन रिट्रीव्हर: जात एक, घडणी तीन

ब्रिटिश, अमेरिकन आणि कॅनेडियन गोल्डन रिट्रीव्हर या वेगळ्या जाती नव्हेत. एकाच स्कॉटिश जातीच्या या तीन घडणी. पहिली वीण १८६८ची, लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडची. पाणपक्ष्यांची शिकार पाण्यातून उचलून आणणे, हे या कुत्र्याचे मूळ काम.

ब्रिटिश घडण रुंद डोक्याची, भारदस्त. नराची उंची ५६ ते ६१ सेंमी. तिथल्या मानकाने १९३६पासून क्रीम रंग स्वीकारला, तांबडा मात्र नाकारला. अमेरिकन कुत्रा सडसडीत. तिथे फार फिकट आणि फार गडद, दोन्ही रंग नापसंत. कॅनेडियन कुत्र्याचे केस आखूड, रंग बहुधा गडद. तरी निव्वळ रंगावरून घडण ठरत नाही. ‘इंग्लिश क्रीम’ म्हणून जादा मोजलेला पैसा बहुतेकदा रंगाचाच असतो.

मालवण किनाऱ्यावर तिघांचीही अडचण सारखीच: केसांचा दुहेरी थर. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, आतला थर लवकर वाळत नाही. त्वचा आणि कान बिघडतात. समुद्रात पोहल्यावर गोड्या पाण्याची अंघोळ आवश्यक, कानही कोरडे करावेत. उन्हाळ्यात केस मुळापासून भादरू नयेत. त्वचेला उन्हापासून आडोसा त्यांचाच असतो.