बाहुलीची साक्ष

हैदराबादहून नागपूरकडे जाणारा महामार्ग ४४ आदिलाबाद शहराच्या तोंडाशी मावल्याजवळून जातो. इथल्या कुणाच्या डोळ्यापुढे अचानक अंधारी आली, तर पहिली धाव आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयाकडे. मोठी तपासणी लागली, तर बरेच जण पैनगंगा ओलांडून, पांढरकवड्यावरून, सुमारे २०० किलोमीटरवरचं नागपूर गाठतात. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान सहसा एमआरआयशिवाय पक्कं होत नाही, हे खरंच. पण या आजाराचा एक धागा साध्या टॉर्चच्या उजेडात मिनिटभरात हाती लागतो. तो पहिल्याच तपासणीत लागायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि नेत्रनाडीतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते. संदेश मंदावतात, काही तंतू कायमचे मरतात. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हा थंड मुलखातला आजार, ही समजूत आपल्याकडे पुढे बरीच वर्षं टिकली. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यासह मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं दाखवून दिलं. रुग्णांसाठीची मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया त्याआधी, १९८५ मध्येच, उभी राहिली होती. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव स्वतंत्रपणे आलं आहे.

बऱ्याच रुग्णांत सुरुवात डोळ्यापासून होते. वय वीस ते चाळीसच्या दरम्यान, बहुतेकदा बाई. एका डोळ्याची नजर दोन-चार दिवसांत धूसर होते, बुबुळ फिरवताना दुखतं, लाल रंग फिका दिसतो. हा नेत्रनाडीचा दाह. काही आठवड्यांत नजर बहुतांशी परतते, आणि घोटाळा होतो तो इथेच. बरं वाटलं म्हणून विषय संपतो. आदिलाबादच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना नजर पुन्हा अंधुक झाली, तर घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. अंग तापलं की दुखावलेल्या नेत्रनाडीची नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं.

बाहुलीवर मात्र खूण अनेकदा मागे राहते. प्रकाशाचा संदेश एका डोळ्याच्या नेत्रनाडीतून मध्यमेंदूत पोचतो आणि तिथून आज्ञा दोन्ही बाहुल्यांना सारखीच सुटते. म्हणून एका डोळ्यात टॉर्च मारला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात. खोली अंधारी करायची, रुग्णाला लांब बघायला सांगायचं आणि उजेड दोन-तीन सेकंदांनी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्यायचा. दुखावलेल्या नाडीच्या डोळ्यावर उजेड आला की आज्ञा दुबळी पडते आणि आकसलेल्या बाहुल्या उलट मोठ्या होतात. रॉबर्ट मार्कस गन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खुणेला टॉर्च झुलवण्याची ही पद्धत १९५९ मध्ये पॉल लेव्हाटिन यांनी जोडली.

मावल्यासारख्या ठिकाणी या तपासणीचं मोल मला फार मोठं वाटतं. इथे तेलुगू, मराठी, गोंडी, बंजारा, उर्दू अशा बोली एकाच रांगेत उभ्या असतात. 'किती धूसर दिसतं' या प्रश्नाचं उत्तर दुभाष्याच्या तोंडून येतं. बाहुलीला दुभाष्या लागत नाही. शिवाय मोतीबिंदू कितीही पिकलेला असला तरी एकटा त्याने ही खूण सहसा उमटत नाही. ती दिसली तर शोध मागे, पडद्यात किंवा नाडीत घ्यायचा.

तिच्या मर्यादाही मोठ्या आहेत. दोन्ही नाड्या सारख्याच दुखावल्या असतील, तर फरकच दिसत नाही. एका बाजूला जास्त असलेला काचबिंदू किंवा पडद्याचा मोठा विकारही तीच खूण देतो. बाहुलीचा प्रतिसाद नेमका मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कॅनबेरा इथल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत टेड मॅडेस आणि सहकाऱ्यांनी दृष्टिक्षेत्राच्या वेगवेगळ्या भागांत प्रकाशाचे ठिपके चमकवून दोन्ही बाहुल्यांची हालचाल कॅमेऱ्याने मोजली. प्रतिसादाची ताकद आणि त्याला लागलेला उशीर, दोन्ही त्यात आकड्यांत मिळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत ते बदललेले आढळले. पण निदानाच्या ताज्या निकषांत नेत्रनाडीला जागा मिळाली असली, तरी बाहुलीच्या मोजणीला ती मिळालेली नाही. आणि नाडीचा असाच दाह न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्येही होतो. २००४ मध्ये त्याची प्रतिपिंडं सापडल्यापासून तो वेगळा ओळखता येतो, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं तिथे अपाय करतात.

उपचारातही घाई नको. नेत्रनाडीच्या दाहावरच्या, १९९२ मध्ये निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने नजर लवकर परतली. नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या दिलेल्यांत मात्र दाह पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण वाढलं. त्याच रुग्णांच्या १५ वर्षांच्या पाठपुराव्यात, सुरुवातीला मेंदूचा एमआरआय स्वच्छ असलेल्यांपैकी २५ टक्क्यांना आणि त्यात एक किंवा अधिक डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला.

म्हणून क्रम सांभाळायला हवा. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घातले की ही तपासणी काही तास करता येत नाही. आधी टॉर्च, मग थेंब. आणि कोणत्या डोळ्यात, कोणत्या तारखेला काय दिसलं, ते केसपेपरवर स्पष्ट लिहून तो कागद रुग्णाच्या हाती द्यावा. नागपूरच्या डॉक्टरपुढे तो जाईल तेव्हा नजर कदाचित परतलेली असेल.