क्लाउडमधील समूहबद्ध डेटाबेससाठी सामायिक ब्लॉक साठवणुकीची निवड : एक विवेचन

बीजसंज्ञा : सामायिक डिस्क, क्लस्टर, फेन्सिंग, आयओपीएस

प्रस्तावना :
बँका, आरक्षण यंत्रणा किंवा विद्यापीठांचे परीक्षा विभाग यांचे डेटाबेस सदैव उपलब्ध असावे लागतात. एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहावे, यासाठी अनेक सर्व्हरांचा क्लस्टर उभारला जातो. ओरॅकल कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या ‘रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स’ या प्रणालीत सर्व नोड एकाच डिस्कवर लेखन-वाचन करतात. संस्थेच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये ही सोय ‘सॅन’ हे साठवणुकीचे जाळे पुरविते. क्लाउडमध्ये ॲमेझॉनची ‘मल्टि-अटॅच’ आणि मायक्रोसॉफ्ट अझूरची ‘शेअर्ड डिस्क’ या सुविधा २०२० मध्ये उपलब्ध झाल्या. प्रस्तुत लेखात अशा साठवणुकीच्या निवडीचे निकष मांडले आहेत.

समस्येचे स्वरूप :
डिस्क दोन सर्व्हरांना जोडल्याने ती सुरक्षितपणे सामायिक होतेच असे नाही. एक्सएफएस, ईएक्सटी४ या फाइल प्रणाली एकाच सर्व्हरचा वापर गृहीत धरतात. दोघांनी एकाच वेळी लिहिल्यास नोंदी बिघडतात. म्हणून ओरॅकल एएसएम, जीएफएस२ यांसारखी क्लस्टरला अनुरूप व्यवस्था आवश्यक ठरते.

याहून गंभीर धोका नोडमधील संपर्क तुटण्याचा असतो. प्रत्येक नोड दुसऱ्यास मृत समजून स्वतंत्रपणे लिहू लागल्यास एकाच विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद दोन ठिकाणांहून बदलली जाऊ शकते. संपर्काबाहेर गेलेल्या नोडचा लेखनाधिकार डिस्कच्या पातळीवरच काढून घेणे, यास ‘फेन्सिंग’ म्हणतात.

निवडीचे निकष :
१) फेन्सिंग : अझूरच्या सामायिक डिस्क स्कझी पर्सिस्टंट रिझर्व्हेशनला, तर ॲमेझॉनचा ‘आयओ२’ प्रकार एनव्हीएमई रिझर्व्हेशनला आधार देतो. ‘आयओ१’ मध्ये ही सोय नाही.
२) कार्यक्षमता : डिस्कची आयओपीएस मर्यादा सर्व नोडमध्ये मिळून असते. १६,००० आयओपीएसची डिस्क चार नोडनी समान वापरल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ४,००० येतात. सर्व्हरची स्वतःची मर्यादाही तपासावी लागते.
३) स्थान : मल्टि-अटॅचमध्ये एक डिस्क कमाल १६ नायट्रो सर्व्हरांना जोडता येते, परंतु ते सर्व एकाच उपलब्धता क्षेत्रात असावे लागतात. ते क्षेत्रच बंद पडल्यास क्लस्टरही थांबतो. त्यामुळे अन्य क्षेत्रात डेटाबेसची प्रतिकृती ठेवणे हितावह असते. अझूरमधील क्षेत्र-व्यापी साठवणुकीचा पर्याय डिस्कच्या प्रती तीन क्षेत्रांत ठेवतो.
४) गरज : प्रत्येक डेटाबेसला सामायिक डिस्क लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरचे ‘ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप्स’ प्रत्येक नोडवर स्वतंत्र प्रत ठेवतात. ॲमेझॉन ऑरोरा साठवणुकीच्या स्तरावरच तीन क्षेत्रांत सहा प्रती राखते.

निष्कर्ष :
सामायिक डिस्क सर्व्हरच्या बिघाडापासून संरक्षण देते. चुकीने पुसलेल्या माहितीपासून नाही, कारण तिच्यावर माहितीची एकच प्रत सर्व नोड वापरतात. म्हणून निवड करताना प्रथम सामायिक डिस्कची गरज, नंतर फेन्सिंग, त्यानंतर स्थान व वेग आणि अखेरीस खर्च असा क्रम ठेवणे उचित ठरते. स्वतंत्र बॅकअप मात्र कोणत्याही पर्यायात अनिवार्य आहे.