पेठेतली दुकाने कुठे गेली?



आज एक साधाच प्रश्न विचारतो. घरातले खुरपे तुम्ही गेल्या खेपेस कधी आणि कुठे शेवटून आणले? पितळी पातेल्याला कल्हई कधी केली? बिघडलेला रेडिओ पिशवीत घालून तालुक्याला कधी नेला होता? बहुतेकांना आठवायला वेळ लागेल, आणि घरातल्या पोरांना तर शेवटणे म्हणजे काय हेच समजावून सांगावे लागेल. तालुक्याच्या पेठेतून एकेक दुकान कसे नाहीसे झाले, याचे उत्तर या प्रश्नातच आहे.

माझे बालपण बार्शीच्या पेठेत गेले. पुढे शेतकीची पदवी घेतली, विस्ताराच्या कामावर लागलो आणि तीस वर्षे खेडोपाडी हिंडलो. ज्या ज्या गावी बदली झाली तिथल्या पेठेतही हेच पाहिले. म्हणून सांगतो ते बार्शीचे असले तरी आपल्या गावाशी ताडून पाहा.

लोक बार्शीला भगवंताची बार्शी म्हणतात. पण वैराग, परंडा, भूम या भागातल्या शेतकऱ्याला ती आधी भुसाराची बार्शी. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळावरची गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. गाडीने धान्य जाई आणि मीठ, कापड, लोखंड येई. भुसाराच्या पट्टीचे पैसे हातात पडले की शेतकरी पेठेत शिरे आणि वर्षाची कामे उरकून घेई. २००८ साली बार्शीला मोठी लाईन आली आणि छोटी गाडी संपली. पण पेठेतली दुकाने त्याच्या आधीपासूनच एकेक करून मिटत चालली होती.

लोहाराचा भाता

पेठेच्या एका टोकाला लोहाराची चार-पाच दुकाने असत. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करीत. ती गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद होईपर्यंत तापवली की लोखंड फुगे. मग चार जण चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवीत आणि वरून घागरी ओतीत. लोखंड आकसून चाकाला असे आवळून धरी की खिळ्याची गरज पडू नये. धातू तापला की फुगतो आणि निवला की आकसतो, हे कॉलेजात पुस्तकातून शिकलो. लोहारमामांनी ते आधीच डोळ्यांनी दाखवले होते.

रबरी टायरची गाडी आली, मागोमाग ट्रॅक्टर आला आणि धावेचे काम संपले. बैल कमी झाले तसा नालबंदही गेला. इथपर्यंत कोणाचा दोष नाही. पण विळा आणि खुरपे तर आजही घरोघर आहे. ते शेवटणे का थांबले? हलक्या पत्र्याचे खुरपे स्वस्तात मिळू लागले आणि आपण मोडले की फेकू लागलो. अशा पत्र्याची धार लवकर बसते आणि तो भट्टीत घालून पुन्हा ठोकण्याच्या लायकीचा नसतो. बोथट खुरप्याने दिवसभर पात लावणाऱ्या बाईला विचारा. मनगट तिचे भरून येते आणि पातही मागे पडते. दहा-वीस रुपये वाचवल्याचा हिशेब आपण मांडतो, तिच्या मनगटाचा हिशेब त्यात कोणी धरत नाही.

कल्हई आणि कासार

मायभगिनींनो, कल्हईवाला वर्षातून एक-दोनदा आळीत येई आणि पेठेतही त्याची भट्टी असे. भांडे तापवायचे, आत नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवायचे. बघता बघता भांडे आतून चांदीसारखे होई. पोरांना ती जादूच वाटे. आजीला मात्र त्यामागचे कारण ठाऊक होते. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते.

स्टेनलेस स्टील आले आणि बायकांच्या हाताची घासाघीस वाचली. ते चांगलेच झाले. पण पितळी भांडी मोडीत निघाली, कल्हईवाला शहराकडे गेला आणि आता कोणाला हौसेने जुने पातेले काढावेसे वाटले तर कल्हई करणारा तालुक्यात शोधावा लागतो.

रेडिओवाल्याच्या फळीवर

रेडिओ दुरुस्तीचे दुकान म्हणजे अर्धी चावडीच. मर्फी, बुश, फिलिप्सचे उघडे पडलेले संच फळीवर आणि गिऱ्हाईक बाकावर. त्या काळी रेडिओला पोस्टात पैसे भरून लायसन काढावे लागे, हे आज सांगितले तर तरुण पोरे हसतात. संध्याकाळी बाजारभाव लागले की भुसाराचे अडते आणि शेतकरी एकाच बाकावर कान टवकारून बसत. भाव सगळ्यांनी एकदम ऐकलेला असे, म्हणून उगाच थाप मारायला जागा कमी राही.

दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम १९८९ साली विविध भारतीवर आला. अमीन सयानी यांचा आवाज ओळखत नाही असे घर पेठेत नव्हते. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले असेल.

मग कॅसेटी आल्या. रेडिओवालेच कॅसेटी भरून देऊ लागले. आपण गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि आठ दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. एका बाजूला प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, दुसऱ्या बाजूला दादा कोंडके यांच्या सिनेमातली गाणी, असा संसार एकाच फितीवर सुखाने नांदे. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी पेठ ओस पडे. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या अंगणात चपलांचा ढीग. पुढे घरोघर टीव्ही झाला आणि नंतर हातोहात मोबाईल. गाणे आता कधीही ऐकता येते, पण प्रत्येकजण आपापले ऐकतो.

तंबूतला सिनेमा

जत्रेत तंबू सिनेमा येई. ट्रकमध्ये यंत्र, शेतात तंबू, बसायला घरचे घोंगडे, पुरुष एका अंगाला आणि बायका दुसऱ्या अंगाला. १९७१ चा ‘सोंगाड्या’ आणि १९७५ चा ‘पांडू हवालदार’ हे खेड्यापाड्यांतल्या असंख्य लोकांनी असेच जमिनीवर बसून पाहिले. रीळ तुटले की शिट्ट्या आणि जोडले की टाळ्या.

हा तंबू टीव्हीमुळे खिळखिळा झाला आणि रीळ बनणेच थांबल्याने बसला. फुजी कंपनीने २०१३ साली सिनेमाच्या रिळांचे उत्पादन बंद केले. नवे सिनेमे संगणकाच्या तबकडीवर येऊ लागले. ज्याच्याकडे जुने यंत्र होते त्याच्या हातात भंगार उरले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूवाल्यांवर काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात गौरवला गेला. जगाने दखल घेतली, पण तोवर बहुतेक तंबू गुंडाळले गेले होते.

वाण्याची वही

किराणा दुकानात पोर मापटेभर ज्वारी घेऊन जाई आणि बदल्यात गूळ, तेल आणी. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे गणित शाळेआधी दुकानात पाठ होई. परतताना हातावर रावळगावची गोळी पडे. हे रावळगाव आपल्याच मातीतले. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात १९३३ साली रावळगावचा साखरेचा कारभार उभा केला आणि १९४२ पासून गोळ्या निघू लागल्या. २०२४ साली या गोळ्यांची नावे रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. गोळी घेण्याचे नाणेही राहिले नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली.

वाण्याच्या वहीत सुगीपर्यंतची उधारी असे. घरात आजारपण निघाले, रात्री अपरात्री दार वाजवले, तरी पुडा मिळे. आज मोबाईलवरून पैसे देता येतात, घरपोच माल येतो. पण पाऊस लांबला आणि खिसा रिकामा राहिला, तर तो मोबाईल सुगीपर्यंत थांबत नाही.

सारे जुने सोने नव्हते

हे लिहिताना एक गोष्ट लपवणार नाही. त्याच वहीत व्याजावर व्याज चढे आणि अडाणी माणसाला अंगठा कशाखाली उठवला ते कळत नसे. मापात पाप ही म्हण उगाच पडलेली नाही. दशमान वजने आली, १९६३ च्या कायद्याखाली बाजार समित्या बांधल्या गेल्या, रुमालाखाली बोटे दाबून भुसाराचे भाव ठरवण्याच्या पद्धतीवर बंदी आली, तेव्हा कुठे शेतकऱ्याला उघड लिलाव पाहायला मिळाला. काही घरच्या माणसांना तर पायरीखाली उभे राहून सामान घ्यावे लागे आणि ते वरून ओंजळीत टाकले जाई. ती पायरी गेली ते उत्तमच झाले. तिच्यासाठी कोणी उसासा टाकू नये.

मग हळहळ कशाची करायची? मला विचाराल तर दुरुस्तीची आणि ओळखीची. लोहार, कल्हईवाला, रेडिओवाला, भाड्याच्या सायकलीचा दुकानदार, हे सारे मोडलेले जोडून देणारे लोक होते. त्यांचे पोट आपल्या मोडक्या वस्तूंवर चाले. आपण मोडलेले जोडून घेण्याचे सोडले, तसे त्यांचे फळकूट बंद झाले. त्यांच्याबरोबर पिढ्यांची हातोटीही गेली. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही.

आता काय करता येईल?

रडगाणे गाऊन पेठ परत येणार नाही. पण थोडे काही हाती आहे ते सांगतो.

१. मृगाच्या आत गावातल्या बचत गटाने घरोघरची विळे, खुरपी, कुऱ्हाडी एकत्र करावीत आणि लोहाराला एक दिवस गावात बोलवावे. एकट्या खुरप्यासाठी त्याला येणे परवडत नाही, दोनशे अवजारांसाठी तो आनंदाने येईल. खुरपे घेतानाही पुन्हा शेवटता येईल असे जाड पोलादाचे घ्यावे.

२. कल्हई करून घ्यायची तर समोर बसून करून घ्या आणि शुद्ध कथील वापरायला सांगा. कथिलात शिसे मिसळलेले असेल तर ते पोटाला घातक आहे.

३. आजचा लोहार म्हणजे जळालेली मोटार भरून देणारा, फवारणी पंप आणि ठिबकची दुरुस्ती करणारा. गावातल्या एखाद्या हुशार मुलाला किंवा मुलीला आयटीआयला घाला आणि ते काम गावातच उभे राहील असे पाहा. त्याची मजुरी वेळेवर द्या. ‘सुगीला बघू’ म्हणताना सुगी आली की विसरू नका.

४. माळ्यावरच्या कॅसेटी फेकू नका. एखादीत आजीच्या ओव्या किंवा वडिलांचा आवाज असेल. चालू टेपरेकॉर्डर मिळाला तर त्याला तार जोडून आवाज मोबाईलमध्ये उतरवून घेता येतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दळणाची गिरणी आली आणि जाते थांबले, तरी त्या ओव्या त्यामुळे उरल्या. इतक्या नाही, तर आपल्या घरच्या दहा तरी उतरवून ठेवाव्यात.

५. पेठेत अजून एखादे जुने दुकान उघडे असेल, तर पुढच्या बाजाराला तिथे जा. नुसती विचारपूस करून परतू नका. काहीतरी दुरुस्तीला द्या. त्या माणसाला आपल्या दयेपेक्षा आपले काम हवे आहे.

अवजारांची पेटी आज संध्याकाळीच उघडून पाहा. बोथट काय निघते ते बाजूला काढा. लोहार कुठे बसतो हे वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असेल.