मेरी कार्टराइट आणि अनियमित आंदोलनांचे गणित

एखाद्या राशीचे मूल्य आणि त्या मूल्याच्या बदलाचा वेग यांचे नाते सांगणाऱ्या समीकरणाला अवकल समीकरण म्हणतात, आणि अशा नियमांनुसार काळाबरोबर बदलत जाणाऱ्या व्यवस्थांचा अभ्यास करणारी गणितशाखा म्हणजे गतिकीय प्रणालींचा सिद्धांत. नियम पूर्णपणे निश्चित असूनही त्यातून अनियमित वर्तन उद्भवू शकते, ही ‘केऑस’ची कल्पना आज या शाखेत मध्यवर्ती मानली जाते; मात्र तिचा इतिहास सांगताना आंरी प्वांकारे यांच्यावरून थेट एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९६३ मधील लेखावर येण्याची प्रथा पडली आहे. मधल्या काळात मेरी कार्टराइट (१९००–१९९८) यांनी जॉन लिटलवुड यांच्यासह केलेल्या संशोधनाच्या वाट्याला त्यात एखादी तळटीप येते. हा अन्याय आहे, कारण प्रत्यक्ष यंत्रातून आलेल्या समीकरणात अशी अनियमितता दडलेली असते, हे गणिती काटेकोरपणाने दाखवण्याची वाट या दोघांनी घातली.

कार्टराइट यांचे मूळ क्षेत्र संमिश्र चलांच्या फलनांचे होते. ऑक्सफर्डमधून पदवी घेऊन चार वर्षे शाळांत शिकवल्यावर त्या गॉडफ्रे हार्डी यांच्याकडे संशोधनासाठी परतल्या आणि १९३० मध्ये केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाल्या. विद्युत्-मंडलांशी त्यांचा तोवर काहीही संबंध नव्हता. जानेवारी १९३८ मध्ये ब्रिटिश शासनाच्या रेडिओ संशोधन मंडळाने लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे एक निवेदन पाठवून, रेडिओ अभियांत्रिकीत उद्भवणारी काही अवघड अवकल समीकरणे सोडवण्यासाठी गणितज्ञांची मदत मागितली. ते वाचून कार्टराइट यांनी लिटलवुड यांना सोबत घेतले. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या मार्गांचे गणित केलेले असल्यामुळे लिटलवुड प्रत्येक उत्तराकडे एक मार्गक्रमण म्हणून पाहत, आणि ही दृष्टी पुढे फार उपयोगी ठरली.

त्या समीकरणांपैकी सर्वांत महत्त्वाचे समीकरण हॉलंडमधील अभियंता बाल्थासार व्हॅन डर पोल यांच्या नावाने ओळखले जाते. साध्या आंदोलनात घर्षणासारखा रोध ऊर्जा सतत काढून घेतो, म्हणून धक्का न दिलेला झोका हळूहळू थांबतो. निर्वात नळ्यांच्या मंडलात मात्र विद्युतप्रवाहाचे आंदोलन लहान असताना रोध उलटा वागून ऊर्जा पुरवतो आणि ते मोठे झाले की ऊर्जा शोषून घेतो, त्यामुळे सुरुवात कुठूनही केली तरी आंदोलन अखेर एका ठरावीक चक्रावर स्थिरावते. या मंडलाला बाहेरून दुसऱ्या वारंवारतेचा आवर्ती जोर लावला, की प्रकरण गुंतागुंतीचे होते. व्हॅन डर पोल आणि त्यांचे सहकारी व्हॅन डर मार्क यांनी १९२७ मध्येच असा प्रयोग केला होता. बाहेरील वारंवारतेच्या निरनिराळ्या पूर्णांशांशी मंडल जुळत जाताना, एका जुळणीवरून दुसरीवर जाण्याआधी, टेलिफोनच्या श्रवणीत अनियमित खरखर ऐकू येते, असे त्यांनी नोंदवले. त्यांच्या लेखी ती गौण बाब होती.

कार्टराइट आणि लिटलवुड यांनी सूत्ररूप उत्तराचा नाद सोडून प्वांकारे यांची रीत स्वीकारली: बाह्य जोराचे एक आवर्तन पूर्ण झाले की व्यवस्थेची स्थिती प्रतलावरील एका बिंदूने दाखवायची, आणि हा बिंदू आवर्तनागणिक कुठून कुठे सरकतो याचा अभ्यास करायचा. अशा प्रकारे अवकल समीकरणाचा प्रश्न भूमितीचा, किंबहुना संस्थितिविज्ञानाचा, म्हणजे आकारांच्या सातत्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा झाला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे जाहीर झाले, की बाह्य जोराच्या काही मूल्यांना वेगवेगळ्या आवर्तनकाळांची दोन प्रकारची स्थिर आंदोलने एकाच वेळी शक्य असतात, आणि त्यांच्या दरम्यान अस्थिर उत्तरांचे एक अतिसूक्ष्म, अनंत वीण असलेले कुटुंब असते. तपशीलवार सिद्धता यायला आणखी बरीच वर्षे लागली, आणि त्या वाचायला आजही कठीण आहेत. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रडार यंत्रणा तर या सिद्धतांची वाट न पाहता १९४५ पूर्वीच उभ्या राहिल्या होत्या. तरी या कामाचे मोल तात्कालिक उपयोगाने मोजणे चुकीचे ठरेल.

अमेरिकेतील नॉर्मन लेव्हिन्सन यांनी समीकरणातील रोधाचे सातत्याने बदलणारे पद काढून त्याजागी टप्प्याटप्प्याने बदलणारे पद घातले, आणि १९४९ मध्ये तीच घटना कितीतरी सुगम रूपात सिद्ध केली. दहा वर्षांनी स्टीफन स्मेल यांनी असा अंदाज मांडला होता, की सर्वसामान्य गतिकीय प्रणालींत आवर्ती मार्गांची संख्या सांतच असावी. लेव्हिन्सन यांनी पत्र पाठवून आपल्या लेखातील उदाहरणाकडे त्यांचे लक्ष वेधले. अंदाज कोसळला, पण त्या उदाहरणाचा भूमितीय गाभा शोधत असताना, १९६० मध्ये रिओ दि जानेरोत, स्मेल यांना त्यांचा प्रसिद्ध ‘घोड्याचा नाल’ गवसला. एक चौकोन एका दिशेने ताणायचा, दुसऱ्या दिशेने दाबायचा आणि नालासारखा वाकवून पुन्हा मूळ जागी ठेवायचा, एवढीच ही कृती. ती अनंत वेळा केली तरी चौकोनातच राहणाऱ्या बिंदूंमध्ये अनंत आवर्ती मार्ग आढळतात, आणि समीकरणात किंचित फेरफार केला तरी ही रचना टिकून राहते. पुढे मार्क लेव्ही यांनी १९८१ मध्ये सुलभीकृत रूपाचे सविस्तर विश्लेषण केले, आणि राडू हायडुक यांनी २००९ मध्ये बाह्य जोर असलेल्या व्हॅन डर पोल प्रणालीतच असा नाल असल्याची सिद्धता दिली.

कार्टराइट यांचा प्रभाव त्यांच्या विद्यार्थ्यांतूनही पसरला. संमिश्र विश्लेषणातील वॉल्टर हेमन हे त्यांचेच शिष्य. नायजेरियाचे जेम्स एझीलो यांनीही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अवकल समीकरणांवर प्रबंध लिहिला आणि मायदेशी परतून या विषयाचा अभ्यास रुजवला. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष हा मानही कार्टराइट यांचाच.

त्यांच्या कामाची आणखी एक शाखा संस्थितिविज्ञानात स्वतंत्रपणे वाढली. अस्थिर उत्तरांच्या त्या सूक्ष्म विणीच्या अभ्यासातून त्यांनी आणि लिटलवुड यांनी १९५१ मध्ये एक प्रमेय सिद्ध केले: दिशा न उलटवणाऱ्या, उलट फिरवता येणाऱ्या सतत रूपांतरणाखाली प्रतलातील एखादा अखंड, बंदिस्त आणि प्रतलाचे तुकडे न करणारा संच स्वतःवरच जात असेल, तर त्या संचात जागचा न हलणारा निदान एक बिंदू असतोच, मग संचाचा आकार कितीही वेडावाकडा असो. हॅरल्ड बेल यांनी ते दिशा उलटवणाऱ्या रूपांतरणांपर्यंत वाढवले. रूपांतरण केवळ सतत असेल आणि उलट फिरवता येत नसेल, तरीही असा बिंदू असतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र गणितज्ञांना अजून मिळालेले नाही.