मुलांसाठी पुस्तक लिहिताना : गोष्टीपासून छापील पानापर्यंत



आपल्यातले बरेच जण मुलांसाठी गोष्टी लिहितात. पण त्यांचं पुस्तक करायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. डीएडला गोष्ट सांगायची कशी ते आम्हाला शिकवलं, पुस्तक कसं बनतं ते नाही शिकवलं. ते मी चुका करत शिकले, म्हणून हा लेख.

माझी पहिली गोष्ट एका शिस्तप्रिय सशाची होती. ससा वेळेवर उठतो, दात घासतो, शाळेत पहिला येतो. दुसरीच्या वर्गात वाचली. निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायला लागली आणि एकाने विचारलं, "बाई, याच्यात होतं काय?" खरंच, काहीच होत नव्हतं. मी गोष्ट लिहिलीच नव्हती, सूचनाफलक लिहिला होता.

त्याच आठवड्यात वर्गातली एक मुलगी सांगत आली की, आजीच्या शेळीने रेशनकार्डाची झेरॉक्स खाल्ली. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा. मी म्हटलं, हीच गोष्ट लिहायची.

घरी बसून चारशे शब्द लिहिले. 'लाल ठिपक्यांचं लुगडं नेसलेली आजी ओट्यावर बसली होती. शेजारी काळी शेळी कागद चघळत होती.' वाचायला बरं वाटतं, पण चित्रकथेत हे चालत नाही. लुगड्याचा रंग चित्रात दिसतो, ओटा दिसतो, शेळीही दिसते. मग शब्दांनी काय करायचं? चित्र जे सांगत नाही तेवढंच सांगायचं. मी ती दोन्ही वाक्यं काढली आणि एवढंच ठेवलं : आजी म्हणाली, "कागद इथंच तर ठेवला होता!" चित्रात शेळीच्या तोंडातून कागदाचा कोपरा बाहेर आलेला. आजीला माहीत नाही आणि वाचणाऱ्या मुलाला माहीत आहे, मजा तिथे आहे. चारशेचे दीडशे शब्द झाले. काढताना जीव तुटतो, पण काढावेच लागतात.

आता पानांचा हिशोब. छापखान्यात मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात. तीन घड्या घातल्या की १६ पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. म्हणून चित्रांची पुस्तकं बहुतेक वेळा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीतच. आपली गोष्ट १९ पानांची झाली म्हणून कागद काही वाढत नाही.

हे समजून घ्यायला घरीच डमी करा. चार ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा आणि पिन मारा. १६ पानं तयार. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव आणि दुसऱ्यावर लेखक, चित्रकार, प्रकाशक वगैरे. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. म्हणजे हातात एक सुटं पान, सहा जोडपानं आणि शेवटचं सोळावं पान, बस. आता पेन्सिलीने वाक्यं वाटून टाका. उजव्या पानाच्या शेवटी मुलाला प्रश्न पडला पाहिजे आणि पान उलटल्यावर उत्तर दिसलं पाहिजे. माझ्या पहिल्या डमीत प्रश्न आणि उत्तर समोरासमोर आले होते. पोरांनी उत्तर आधीच बघितलं आणि सगळा जोर गेला.

चित्रं येत नाहीत म्हणून थांबू नका. काड्यांची माणसं काढली तरी डमीचं काम भागतं. प्रकाशक सहसा चित्रकार स्वतःच ठरवतात. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं लिहिणं आणि चित्र काढणं दोन्ही जमणारी माणसं थोडीच. त्यांचा 'राधाचं घर' हा संच हातात घेऊन एका पानावर किती शब्द आहेत ते नुसतं मोजा. मला त्यातून खूप कळलं.

एक चूक आपण शिक्षक सर्रास करतो, ती म्हणजे इंटरनेटवरून चित्र उचलून चिकटवणे. चित्रावर काढणाऱ्याचा हक्क असतो. भारतात हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आपल्या गोष्टीवरही आपला हक्क लिहिल्याक्षणीच असतो, नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन हा वेगळा विषय. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, हक्काचा पुरावा नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर कशाचे ते आधी विचारा.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथली चित्रं वापरून मराठीत गोष्ट करता येते. वाचनाच्या चार पातळ्याही दिलेल्या आहेत. मात्र तिथे टाकलेली गोष्ट मुक्त परवान्यात जाते. आपलं नाव देऊन कोणीही तिचं भाषांतर करू शकतं, ती छापू शकतं, विकूही शकतं. हे मान्य असेल तरच टाका. मला मान्य आहे.

पण शेळीची गोष्ट मी अजून कुठेच टाकलेली नाही. एका प्रकाशकाकडे पाठवली होती. 'गोष्ट छान आहे, पण यातून मुलांनी काय बोध घ्यायचा?' असं उत्तर आलं. शेवटी आजी शेळीला बांधून ठेवायला शिकते असं एक वाक्य घातलं तर पुढे विचार होईल, असं म्हणाले. दोन दिवस ते वाक्य लिहून बघितलं. मग डमी तशीच वर्गात वाचली. शेळीचं पान आलं आणि वाचन चाचणीत अक्षरापाशी अडकलेला मुलगा ओरडला, "आजी, तिच्या तोंडात बघ ना!" दुसऱ्या दिवशी तो डमी घेऊन कोपऱ्यात बसला आणि बोट ठेवत ठेवत 'कागद' हा शब्द त्याने स्वतः लावला. ते वाक्य मी घातलं नाही.

गोष्ट त्या मुलीच्या घरची, म्हणून पुढे कुठे देण्याआधी आजीला विचारायला गेले. आजींनी डमी दोनदा उलटून बघितली. छापायला त्यांची हरकत नाही. फक्त शेळी काळी नाही, तांबडी आहे, आणि तेवढं नीट करा म्हणाल्या.